दिवसभर वाचूनही वाचन झाले असे का वाटत नाही?

प्रश्न – स्वल्पविराम

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडते आहे. माझे काम मजकुराशी निगडित असल्यामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत पुष्कळ अक्षरे नजरेखालून जातात: बातम्या, लेख, अहवाल, पत्रव्यवहार, कोणी पाठवलेले दुवे आणि त्या दुव्यांतून फुटलेले आणखी दुवे. शब्दांची नुसती मोजदाद केली, तर इंटरनेट येण्यापूर्वी मी जेवढे वाचत असे त्याहून आज निश्चितच अधिक वाचते. तरीही दिवसअखेर काही वाचल्याचे समाधान मिळत नाही. मागच्या आठवड्यात वाचलेल्या लेखाचा विषय मला सांगता येतो; पण त्यातला युक्तिवाद कोणकोणत्या पायऱ्यांनी पुढे गेला होता, हे विचारले तर उत्तर देता येत नाही.

यापेक्षा अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. एखादे वैचारिक पुस्तक हाती घेतले की पहिली काही पाने नीट जातात. मग नजर परिच्छेदाच्या पहिल्या ओळीवर टेकते, मधल्या ओळी ओलांडते आणि थेट पुढच्या परिच्छेदावर जाऊन पोहोचते. पुस्तक छापील असते, त्यात एकही दुवा नसतो, शेजारी कोणतेही यंत्र वाजत नसते, तरीही असे घडते. म्हणजे ही सवय आता पडद्यापुरती उरलेली नाही.

हा परिणाम पडद्याचा आहे, की इंटरनेटवर मजकूर ज्या रीतीने मांडला जातो त्याचा? याविषयी खरोखर अभ्यास झाले आहेत, की ही केवळ जुन्या वाचकांची हळहळ आहे? सर्वच प्रकारच्या वाचनाला याची झळ बसते का? आणि मोडलेली सवय पुन्हा लागते का? पूर्वीचे लोक किती वाचत असत, अशा धर्तीची उत्तरे नको आहेत. कारणांविषयी कोणी लिहिले तर आभारी राहीन.

उत्तर – पाठशोध

पडदा आणि इंटरनेट यांत तुम्ही केलेला फरक महत्त्वाचा आहे, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चांत ही दोन्ही एकच धरली जातात. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना आकलनाचे पाठ देतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. उत्तर थोडे लांबेल. पण यात घाई करून चालणार नाही.

सुरुवात डोळ्यापासून करू. वाचताना डोळा ओळीवरून अखंड सरकत नाही. तो एका जागी सुमारे पाव सेकंद स्थिरावतो, पुढे झेप घेतो, पुन्हा स्थिरावतो. सराईत वाचकाच्या या झेपांपैकी साधारण 10 ते 15 टक्के झेपा मागच्या दिशेने असतात. वाक्याच्या शेवटी आलेले क्रियापद सुरुवातीच्या कर्त्याशी जुळले नाही, ‘परंतु’ नेमका कशाला आला हे उमगले नाही, की डोळा आपण होऊन मागे जातो, दोन शब्द पुन्हा पाहतो आणि परत येतो. वाचकाला याची जाणीवही नसते. 2014 साली वाचनाचे मानसशास्त्र अभ्यासणारे कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वाचून झालेला प्रत्येक शब्द लगेच झाकला जात असे, म्हणजे मागे वळून काही उपयोग होणार नाही अशी योजना होती. वाक्ये तीच, वाचणारे तेच. पण आकलन घटले. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. सखोल वाचन म्हणजे निव्वळ हळू वाचन नव्हे. अडल्यावर मागे जाण्याची तयारी त्यात असावी लागते, आणि इंटरनेटवरच्या वाचनात पहिला बळी जातो तो या तयारीचा.

तो का जातो, याचे कारण परिस्थितीत आहे. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 1997 साली केलेल्या चाचण्यांत 79 टक्के लोक नवे संकेतपृष्ठ उघडल्यावर त्यावरून केवळ नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे 16 टक्के होते. हातातल्या फोनवर इंटरनेट सर्वत्र पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे 2006 मध्ये त्यांच्याच संस्थेने 232 जणांच्या नजरेच्या हालचाली टिपल्या, तेव्हा रोमन लिपीतल्या ‘एफ’ अक्षरासारखा आकार ठळकपणे दिसला: वरची ओळ बऱ्यापैकी वाचली जाते, खालची एखादी अर्धवट, आणि त्यानंतर नजर डाव्या कडेने सरळ खाली उतरते. तुम्ही पुस्तकाच्या बाबतीत जे वर्णन केले आहे, ते जवळजवळ हेच आहे.

मात्र यात वाचकाला दोष देण्यासारखे काही नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. शोध घेतल्यावर दहा पाने समोर येतात. त्यांतले कोणते आपल्या कामाचे आहे हे कळण्यापूर्वी प्रत्येक पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणे हा शहाणपणा ठरणार नाही. भरभर चाळणे हे कौशल्यच आहे आणि ते कोशात शब्द शोधणाऱ्या प्रत्येकाकडे पूर्वीही होते. अडचण येते ती हे कौशल्य दिवसातले बहुतेक तास वापरल्याने. काय वाचायचे ते ठरवण्यासाठी चाळणे आणि ठरल्यावर वाचणे, या दोन क्रियांमधली सीमारेषा पुसली जाते, चाळणे हीच वाचनाची पहिली आणि शेवटची पायरी होऊन बसते, आणि समोर पुस्तक आले तरी मन त्याच चालीने चालू लागते.

आता पडद्याविषयी. 2018 साली पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 ते 2017 या काळातल्या 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. एकूण 1,70,000 हून अधिक वाचकांची माहिती त्यात होती. निष्कर्ष असा की तोच मजकूर कागदावर वाचला असता आकलन किंचित चांगले होते. फरक लहान आहे, पण तो सातत्याने दिसतो. माहितीपर मजकुरात तो आढळला. निव्वळ कथात्म मजकुरात आढळला नाही. वेळेचे बंधन घातले की तो वाढला. शिवाय, नव्या पिढ्या पडद्याला सरावतील तसा हा फरक मिटेल अशी जी अपेक्षा असते तिच्या उलट, अलीकडच्या अभ्यासांत तो मोठा झालेला दिसला. येथे एक खबरदारी घेतली पाहिजे: या अभ्यासांत मुख्यतः एकसारखाच मजकूर दोन्ही माध्यमांवर दिला होता, त्यात दुवे किंवा जाहिराती यांची गर्दी नव्हती. म्हणजे हा निकाल पडद्यापुरता आहे; प्रत्यक्ष इंटरनेटवरच्या वाचनात इतर अडथळ्यांची भर पडते.

या सर्वांत मला सर्वाधिक विचार करायला लावणारे काम राकेफेत अ‍ॅकरमन यांचे आहे. मॉरिस गोल्डस्मिथ यांच्यासह 2011 साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रयोगांत, वाचनाला किती वेळ द्यायचा हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचे होते. पडद्यावर वाचणाऱ्यांनी वाचन लवकर थांबवले, आपल्याला किती समजले याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला, आणि चाचणीत ते मागे राहिले. दृष्टी तीच, बुद्धी तीच. ‘एवढे पुरे’ हा निर्णय मात्र आधी झाला. ‘समजले’ असे वाटले की मागे वळण्याचे कारणच उरत नाही. तुम्हाला लेखाचा विषय आठवतो आणि पायऱ्या आठवत नाहीत, त्याचे स्पष्टीकरण मला येथे सापडते.

उत्तर – श्रवणवाचक

वरचे उत्तर मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, दोनदा ऐकले. मला दृष्टी नाही, त्यामुळे या चर्चेत वारंवार येणारा ‘डोळा’ माझ्या वाचनात नाही. तरीही तुमचा अनुभव मला परका वाटला नाही, आणि त्यामुळेच लिहिण्याची इच्छा झाली.

प्रथम दुसरी बाजू. इंटरनेटने वाचन बिघडवले असे जेव्हा सरसकट म्हटले जाते, तेव्हा माझ्यासारख्यांचा विचार कोणी केलेला नसतो. ब्रेलमधली पुस्तके थोडी आणि आकाराने अवजड असतात. ध्वनिमुद्रित पुस्तके कोणी तरी वाचून दिली तरच मिळत. आपल्याला हवे ते, हव्या त्या क्षणी, कोणाच्याही सवडीची वाट न पाहता वाचणे, हे स्वातंत्र्य मला डिजिटल मजकुराने दिले. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर 2006 पासून तयार होऊ लागला. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रती तयार करण्यास आणि त्या देशोदेशी पाठवण्यास मुभा देणारा मराकेश करार 2013 साली झाला आणि 2016 मध्ये अमलात आला. ज्यांच्या वाट्याला वाचनच फारसे नव्हते, त्यांच्या दृष्टीने वाचनाच्या सवयी बदलल्या याचा अर्थ वाचन सुरू झाले, असा आहे. अजूनही पुष्कळशी पुस्तके केवळ पानांची छायाचित्रे म्हणून चढवली जातात आणि त्यांतले अक्षरही यंत्राला वाचता येत नाही, हे दुःख आहेच.

आता चाळण्याविषयी. आम्हीही चाळतो, कानाने चाळतो. एक कळ दाबली की आवाज एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो, दुसरी दाबली की दुव्यावरून दुव्यावर. आवाजाचा वेग इतका वाढवता येतो की शेजारी बसलेल्या माणसाला त्यातला एकही शब्द उमगत नाही, आणि सरावलेल्या कानाला सगळे कळते. बातम्या मी अशाच ऐकतो. परंतु एखादा गुंतागुंतीचा निबंध त्याच वेगाने ऐकू लागलो की पाठशोध यांनी सांगितले तसेच घडते: प्रत्येक वाक्य समजते आणि शेवटी हाती काही राहत नाही. मग मी वेग उतरवतो, एक वाक्य ऐकून आवाज थांबवतो, आणि कळ उलट दाबून मागचे वाक्य पुन्हा ऐकतो. ही कळ मी मुद्दाम दाबतो, कारण ध्वनी आपण होऊन मागे जात नाही. त्यामुळे मला असे म्हणावेसे वाटते की कागद आणि पडदा यांत जो भेद दिसतो, त्याच्या मुळाशी वाचणाऱ्याचे थांबणे आहे. कागदावर थांबण्याची सवय आपोआप जडली होती. अन्यत्र ती ठरवून लावावी लागते.

उत्तर – जुनी पाने

हळहळ आणि अभ्यास यांत फरक करण्याची विनंती मूळ प्रश्नात आहे, म्हणून थोडे इतिहासाविषयी लिहितो. वाचनाच्या नव्या रीतीविषयीची तक्रार फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनावरच आक्षेप घेतो: लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि त्यांची स्मृती दुबळी होईल. पुस्तकांची संख्या वाढली की चित्त विखुरते, असे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने दोन हजार वर्षांपूर्वी पत्रात लिहून ठेवले. अठराव्या शतकात युरोपात कादंबऱ्यांचा सुकाळ झाला तेव्हा वाचनाचे व्यसन जडल्याची ओरड झाली. मोजकी पुस्तके आयुष्यभर पुन्हा पुन्हा वाचणारा समाज त्या काळात अनेक पुस्तके एकेकदा वाचू लागला, असे प्रतिपादन जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेलसिंग यांनी केले. ते जसेच्या तसे सर्वांना मान्य नाही, पण त्याने चांगली चर्चा घडवली.

या दाखल्यांवरून ‘प्रत्येक पिढी अशीच ओरडते, त्यात तथ्य नसते’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. मला तो मुळीच पटत नाही. सॉक्रेटिसाचे म्हणणे चुकीचे नव्हते; लेखन आल्यावर हजारो ओळी मुखोद्गत ठेवण्याची क्षमता खरोखरच मागे पडली. तिच्या मोबदल्यात जे मिळाले ते अधिक मोलाचे होते, एवढेच. आजही प्रश्न असाच विचारला पाहिजे: काय गेले, काय मिळाले, आणि गेलेल्यांपैकी काही राखता आले असते का?

या वेळी एक गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. छापील पुस्तकाला वाचक कधी थांबला हे कळत नसे, आणि कळले असते तरी त्याला त्याचे काही देणेघेणे नव्हते. इंटरनेटवरची बहुसंख्य संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात, म्हणून आपण कोठे रेंगाळलो, कोठे सोडून गेलो, कशावर बोट ठेवले, हे मोजले जाते आणि त्या मोजमापानुसार पुढचा मजकूर समोर येतो. 2006 साली एझा रास्किन यांनी अखंड सरकत राहणाऱ्या पानाची रचना केली; पानाचा तळ आला की पुढचे आपोआप जोडले जावे, वाचकाला कळ दाबण्याचे कष्ट नकोत, हा हेतू होता. पुढे आपल्या या रचनेविषयी त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. तिचा परिणाम असा झाला की मजकुराला शेवटच उरला नाही. प्रकरण संपल्यावर वाचक पुस्तक क्षणभर मिटतो, बोट पानात ठेवतो, वाचलेले मनात बसू देतो. त्या रिकाम्या क्षणात आकलनाचे बरेचसे काम होत असते. तो क्षण या रचनेने काढून घेतला. ग्लोरिया मार्क या संगणकाच्या वापराचा अभ्यास करतात. 2004 च्या सुमारास पडद्यावरच्या एका गोष्टीवर लक्ष सरासरी अडीच मिनिटे टिकत असल्याचे त्यांना आढळले होते. नंतरच्या वर्षांत ती सरासरी 47 सेकंदांवर आली. हे मोजमाप केवळ वाचनाचे नाही, परंतु वाचन याच वातावरणात होते.

म्हणून ‘इंटरनेट’ असे एकच नाव घेऊन त्याला बरे किंवा वाईट ठरवू नये, असे मला वाटते. 1971 साली मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून प्रोजेक्ट गुटेनबर्गचा आरंभ केला, तेव्हापासून आजवर तेथे हजारो पुस्तके विनामूल्य खुली झाली आहेत. त्यांतल्या एखाद्या पुस्तकाची फाइल उतरवून घेऊन वाचणारा आणि अखंड सरकणाऱ्या पानावर वाचणारा, हे दोघेही पडद्यावरच वाचतात. दोघांची वाचनाची परिस्थिती मात्र पूर्णपणे वेगळी आहे.

स्वल्पविराम

तिघांचेही मनापासून आभार. मागे वळण्याचा मुद्दा वाचून मी आज एक लेख वाचताना स्वतःकडे लक्ष दिले. न समजलेले वाक्य आले तेव्हा ते पुन्हा वाचण्याऐवजी पुढच्या वाक्यात खुलासा असेल असे गृहीत धरून मी पुढे गेले, आणि असे त्या एका लेखात कित्येकदा घडले. श्रवणवाचक, आपले लेखन वाचून मला या विषयाची एक बाजू प्रथमच नीट दिसली.

दोन शंका उरतात. कथात्म मजकुरात फरक आढळला नाही असे पाठशोध यांनी लिहिले आहे. मग मला अलीकडे कादंबऱ्याही जड का जातात? आणि सवय पुन्हा लागण्याविषयी काही ठोस सांगता येईल का?

उत्तर – पाठशोध

कादंबरीविषयी: त्या अभ्यासांत दिलेले कथात्म मजकूर बहुधा एका बैठकीत संपणारे असतात. कथेतला काळाचा क्रम आणि पात्रांविषयीची उत्सुकता वाचकाला ओढून नेते, त्यामुळे माध्यमाचा फरक झाकला जात असावा. मोठ्या कादंबरीत मात्र शेकडो पानांपूर्वीचा तपशील मनात धरून ठेवावा लागतो. आने मांगेन यांच्या गटाने एक दीर्घ रहस्यकथा छापील पुस्तकात आणि किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर वाचायला दिली होती. एकूण आकलन सारखेच राहिले, पण कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, हे सांगण्यात छापील पुस्तक वाचणारे सरस ठरले. डाव्या हातात पाने वाढत जातात आणि उजव्या हातातली कमी होतात, याचा घटनाक्रम लक्षात राहण्याशी संबंध असावा असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो. तुमची अडचण मात्र मला वेगळी दिसते: कादंबरीच्या सुरुवातीची संथ पाने सोसण्याची सवय सुटली आहे, आणि तिचा संबंध जुनी पाने यांनी सांगितलेल्या 47 सेकंदांशी अधिक आहे.

सवयीविषयी मी खात्रीने सांगू शकतो की ती परत येते, कारण वाचन ही उपजत क्षमता नाही. ती प्रत्येकाने शिकून कमावलेली असते आणि सरावाने पुन्हा कमावता येते. अ‍ॅकरमन आणि त्यांचे सहकारी लॉटरमन यांच्या 2014 च्या प्रयोगांत एक उपयुक्त गोष्ट दिसली. मजकूर वाचून झाल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन त्यातले कळीचे शब्द आठवणीतून लिहायला सांगितले, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांची पिछाडी नाहीशी झाली. मी वर्गात हेच करून घेतो. लेख संपला की तो बंद करायचा, पाच-सहा मिनिटे दुसरे काही करायचे, आणि मग कोऱ्या कागदावर लेखाच्या युक्तिवादाचे टप्पे लिहायचे. जो टप्पा लिहिता येत नाही, तो आपण वाचलेला नाही. त्यानंतर लेख उघडून नेमका तोच भाग पुन्हा वाचायचा. पहिल्या काही वेळा विद्यार्थी अक्षरशः हबकतात, कारण सगळे समजले असे त्यांना मनापासून वाटलेले असते. पण पुढच्या वाचनात ते आपण होऊन सावकाश होतात, त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

याखेरीज, चाळण्याची वेळ आणि वाचण्याची वेळ वेगळी ठेवावी. दिवसा जे दुवे येतात त्यांतले वाचण्याजोगे कोणते एवढेच तेव्हा ठरवावे आणि ते बाजूला साठवावेत. वाचायला बसाल तेव्हा ब्राउझरमधली वाचनदृश्याची सोय वापरली की जाहिराती आणि बाजूची गर्दी निघून जाते. लांब आणि युक्तिवादाने भरलेला मजकूर असेल तर शक्यतो छापून घ्यावा. लेखात दुवा आला तर तो तिथेच उघडू नये. समासात खूण करावी आणि लेख संपल्यावर पाहावा. बहुतेक दुवे तेव्हा पाहावेसेही वाटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

उत्तर – श्रवणवाचक

पाठशोध यांच्या पद्धतीत एक भर घालतो. परिच्छेद संपला की त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात मोठ्याने बोलावा. मी हे ऐकताना करतो, कारण माझ्याकडे समास नाही. डोळस वाचकालाही याचा तितकाच उपयोग व्हावा. वाक्य अडखळले तर कोणता परिच्छेद पुन्हा वाचायचा ते लगेच कळते. स्वल्पविराम, तुम्ही पुढचे वैचारिक पुस्तक घ्याल तेव्हा पहिल्या प्रकरणापुरते हे करून पाहा, आणि कोणत्या परिच्छेदांवर अडखळलात ते येथे लिहा. त्यांवर आपण सगळे मिळून बोलू.